कंपनी पाठीशी नसताना बाईक रेसिंग: मुंबईच्या पोरांनी करायचं तरी कसं?

परळचा_पिस्टन (धागाकर्ता)

मोटोजीपीच्या (बाईक रेसिंगच्या सर्वांत वरच्या जागतिक स्पर्धेच्या) धाग्यावर एकाने विचारलं होतं, आपल्याकडे गल्लोगल्ली पोरं बाईक उडवतात, मग वरच्या पातळीवर एकही मराठी नाव का दिसत नाही? तिथे उत्तर टंकायला बसलो, ते लांबत गेलं आणि अवांतर व्हायला लागलं, म्हणून वेगळा धागा.

माझं परळला गॅरेज आहे. दिवसभर पल्सर, ॲक्टिव्हा आणि डिलिव्हरीवाल्या पोरांच्या स्प्लेंडर. रात्री शटर अर्धं खाली ओढून रेसच्या बाईक. भाचा रेस करतो, त्याच्यासोबत आणखी दोघं. एक बँकेत आहे, एक जिममध्ये ट्रेनर, भाचा कुरिअरमध्ये. कंपनीचा टी-शर्ट तिघांपैकी एकाच्याही अंगावर नाही.

पहिलं दुखणं अंतराचं. राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या होतात त्या बहुतेक दोन ठिकाणी: चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईचा ट्रॅक, ३.७१७ किलोमीटरचा, नाहीतर कोइंबतूरचा कारी स्पीडवे, २.१ किलोमीटरचा. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट आहे, पण ते दुसऱ्या टोकाला. टीव्हीएसचा कारखाना होसूरला, रॉयल एनफिल्ड चेन्नईतच, यामाहाचाही एक कारखाना चेन्नईच्या बाजूला. त्यांच्या पोरांना ट्रॅक म्हणजे परसदार. इथून चेन्नई तेराशे किलोमीटरच्या वर.

आणि मुंबईत सराव कुठे करणार? दुचाकीला सी लिंक बंद, कोस्टल रोड बंद, अटल सेतू बंद. असू दे, रेसचा सराव रस्त्यावर करायचाच नसतो. पण गो-कार्टचा ट्रॅक भाड्याने मिळाला तरी तिथे दुसऱ्या गिअरमध्ये गोल गोल फिरून गुडघा टेकवायला शिकता येतं, एवढंच. सहाव्या गिअरमधून ब्रेक मारत तिसऱ्यात कसं उतरायचं, हे पोरगं थेट चेन्नईला शुक्रवारच्या प्रॅक्टिसला शिकतं आणि शनिवारी क्वालिफायिंगला उभं राहतं.

बाईक न्यायची तऱ्हा आणखी वेगळी. रेल्वे पार्सलने पाठवायची तर टाकी रिकामी करा, आरसीची झेरॉक्स द्या, गोणपाटात शिवून घ्या. ती आणि आपण एकाच गाडीत असू असं नाही. म्हणून तिघंचौघं मिळून टेम्पो करतो आणि कोल्हापूर, हुबळी, बंगळुरू करत जातो. बाईकच्या मध्ये जुन्या गाद्या कोंबायच्या, पोरं आळीपाळीने मागे झोपणार. पोचल्यावर अंग आंबलेलं आणि दोन तासांत स्क्रुटिनी, म्हणजे रेसआधीची बाईकची तपासणी.

स्क्रुटिनीवरून आठवलं. ऑइलच्या ड्रेन बोल्टला सेफ्टी वायर लागते, म्हणजे बोल्ट ढिला होऊन ट्रॅकवर तेल सांडू नये. कंपनीच्या तंबूत भोक पाडलेले बोल्ट पाकिटातून निघतात. आम्ही बोल्ट वाईसमध्ये धरतो, षटकोनी डोक्याच्या एका अंगातून शेजारच्या अंगात दीड एमएमच्या ड्रिलने तिरकं भोक पाडतो. मधे मधे तेलाचा थेंब सोडायचा, हात हलका ठेवायचा. जरा घाई केली की ड्रिलचं टोक आत मोडतं, मग ड्रिलही गेला आणि बोल्टही. रात्री एक वाजता ओळखीच्या दुकानदाराला उठवायचं तरी किती वेळा?

तरी हे सगळं निभावून नेता येतं. खरी गोम पुढे आहे. कंपनीचा रायडर पडला की त्याची बाईक तंबूत जाते आणि दुपारपर्यंत उभी राहते. आमचा पडला तर पुढच्या फेरीला तो घरी. म्हणून तो पडत नाही. पडत नाही म्हणजे काय, तर दर वळणावर थोडं हातचं राखतो. मग लॅप टाइम दीड सेकंद मागे, आणि कंपनीच्या निवडीला गेला की ऐकतो, “पेस नाही रे तुझ्यात.” पेस आहे हो. पडायला पैसे नाहीत.

ज्यांनी रेस केली आहे, पोरांना पाठवलं आहे किंवा ट्रॅकवर काम केलं आहे, त्यांनी लिहा. नुसतं “पॅशन असेल तर मार्ग निघतो” हे नको, ते आम्हाला टायरवाला पण सांगतो.

चेन्नईकर_जोशी

शेवटच्या परिच्छेदाला +१००.

नोकरीमुळे चेन्नईत आहे, जमेल तेव्हा मार्शल, म्हणजे ट्रॅकच्या कडेला झेंडे दाखवणारा, म्हणून उभा राहतो. मुख्य सरळपट्टी संपली की सी-वन लागतं, वेगवान उजवं वळण. तिथे झेंडा घेऊन उभं राहिलं की कोण कोणाच्या पैशावर चालवतोय हे हेल्मेट न बघता कळतं. कंपनीचा मुलगा ब्रेकच्या खुणेच्या पुढे जाऊन ब्रेक दाबतो, पुढचं चाक जरा सरकलं तरी तसाच आत घुसतो. खाजगी मुलगा खुणेच्या आधीच अंग वर उचलतो. तो घाबरट नसतो. तोच मुलगा शेवटच्या लॅपला, पोडियम समोर दिसत असलं तर कंपनीवाल्याइतकाच उशिरा ब्रेक मारतो. म्हणजे येतं त्याला. वर्षभर वाचवत बसतो.

एक मात्र सांगतो, पिस्टनभाऊ. शुक्रवारी पहिल्या सेशनलाच पडणारी खाजगी पोरंही भरपूर आहेत, आणि ती पडतात ते थकव्याने. रात्रभर टेम्पोत, सकाळी पोहे, अकराच्या उन्हात लेदर सूट. चेन्नईचं ऊन आणि दमटपणा म्हणजे मुंबईकरालाही घाम फुटतो. शक्य असेल तर बाईक एक दिवस आधी पाठवा आणि रायडरला रात्रीच्या गाडीने झोपून येऊ द्या. चार पैसे जास्त जातील, पण एक लिव्हर आणि एक फूटपेग वाचेल.

रिकामटेकडा

लेख छान. पण थोडं कडू बोलू का?

हा नाद आहे. कोणी घोडे पाळतं, कोणी कबुतरं, कोणी बाईक पळवतं. कबुतरवाल्याने कंपनी स्पॉन्सर देत नाही म्हणून धागा काढल्याचं ऐकलं नाही. शिवाय आमच्या अंधेरीला रात्री साडेबारानंतर वेस्टर्न एक्स्प्रेसवर सायलेन्सर काढून जी जत्रा निघते, तीही स्वतःला रेसरच म्हणवते. सहानुभूती कुठून आणायची?

परळचा_पिस्टन

रिकामटेकडा, कडू चालेल, पण चुकीच्या माणसांना पाजू नका. रस्त्यावर रेस लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी पाच हजारापर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, पुन्हा सापडला तर दहा हजारापर्यंत किंवा एक वर्षापर्यंत. आमच्याकडे जो एकदा ट्रॅकवर जाऊन आला, त्याला हायवे मंद वाटायला लागतो, आणि खड्डे, कुत्री, उलट्या बाजूने येणारी रिक्षा हे सगळं अचानक दिसायला लागतं. तुमच्या जत्रेतला एक जण आमच्याकडे आला होता. ट्रॅकवर पहिल्याच सेशनला पोरं त्याच्या दोन्ही बाजूंनी निघून गेली. आता तो सायलेन्सर लावून फिरतो.

आणि कबुतरवाल्याला कोणी “तू देशाचं नाव का काढत नाहीस” असं विचारत नाही. रेसरला विचारतात. तिकडूनच तर हा धागा निघाला.

जुना_आरडी

उशिरा येतोय, गिरगावात दिवसभर वीज नव्हती.

पोरांनो, कंपनीवाले विरुद्ध बिनकंपनीवाले हे भांडण तुमच्या गॅरेजपेक्षा जुनं आहे. १९५५ साली हॉलंडला आसेनच्या शर्यतीत साडेतीनशे सीसीच्या खाजगी रायडरांनी एक लॅप मारला आणि सरळ पिटमध्ये येऊन थांबले. कारण काय, तर आयोजक शर्यतीला उतरण्याबद्दल जे पैसे देत त्यात युरोपभर व्हॅन घेऊन फिरणाऱ्याचं पेट्रोलही भागत नव्हतं. तिकिटं मात्र त्यांच्याही जिवावर विकली जात. यात मला आवडतो तो ज्योफ ड्यूक. गिलेराचा पगारी रायडर, त्या काळचा जगज्जेता, त्याला काय गरज? तरी तो या पोरांच्या बाजूने उभा राहिला आणि पाचशे सीसीच्या शर्यतीलाही संप करू म्हणाला. पैसे वाढवून मिळाले. पण पुढे जागतिक संघटनेने ड्यूकलाच सहा महिन्यांसाठी बाहेर बसवलं, १९५६ च्या सुरुवातीच्या शर्यती गेल्या आणि पाचशेचं विजेतेपद सर्टीजकडे. आपल्याकडे कंपनीच्या तंबूतला एखादा रायडर असा उभा राहिलेला कोणी पाहिला असेल तर सांगा.

आता मुद्द्याचं. तेव्हा खाजगी माणूस टिकू शकत होता याचं एक कारण होतं: रेसची बाईक दुकानात विकत मिळायची. नॉर्टन कंपनी मँक्स विकायची. पुढे यामाहाची टीझेड आली, अडीचशे आणि साडेतीनशेची. पैसे मोजा, खोक्यातून काढा, शर्यतीला लावा. कंपनीच्या खास बाईकपेक्षा ती कमीच, पण मूळचीच रेससाठी घडवलेली. जॅक फिंडले हा ऑस्ट्रेलियन खाजगी रायडर १९६८ मध्ये मॅचलेस इंजिनवर पाचशेच्या जागतिक स्पर्धेत दुसरा आला, अगोस्तिनीच्या मागे. दक्षिण आफ्रिकेचा जॉन एकेरोल्ड १९८० मध्ये साडेतीनशेचा जगज्जेता झाला, बिमोटाच्या चासीत यामाहाचं इंजिन, आणि समोर कावासाकीचा टोनी मांग. शेवटची शर्यत नुर्बुर्गरिंगला, जर्मन माणसाच्या घरी, तिथे त्याला हरवून.

आपल्याकडे अशी बाईक दुकानात कधी आलीच नाही. आम्ही शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर जायचो ते आरएक्स १०० नाहीतर राजदूत ३५० घेऊन, म्हणजे ऑफिसला जायच्या गाडीचे पोर्ट घासून. प्लग काढून त्याचा रंग बघायचा, चॉकलेटी असला तर बरं, पांढरा पडला तर पिस्टन जळायच्या आत कार्ब्युरेटरचा जेट मोठा करायचा. इंजिन बनवणाराच चालवणारा आणि तोच हमाल. तुम्हीही आज यामाहाची आर१५ सोलूनच रेसची बाईक करता ना? मग चाळीस वर्षांत बदललं काय?

परळचा_पिस्टन

काका, दंडवत. बदललं हे की कार्ब्युरेटर गेला आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर आला. प्लगचा रंग फुकट दिसायचा, ईसीयूचा मॅप करायला डायनोचं, म्हणजे इंजिनची ताकद मोजणाऱ्या यंत्राचं भाडं लागतं.

आणि हो, सोलूनच. इन्शुरन्सने टोटल लॉस ठरवलेली आर१५ घ्यायची, हेडलाइट, आरसे, स्टँड, मागची सीट काढायची. फेअरिंग (बाईकचं बाहेरचं कवच) फायबरची, कुर्ल्याला सीएसटी रोडच्या मागे एक जण साचा काढून देतो. रेडिएटरमध्ये कूलंट चालत नाही, कारण सांडलं तर मागून येणारा घसरतो, म्हणून साधं पाणी, आणि चेन्नईच्या उन्हात ते पाणी उकळायला टेकतं.

मीनल_ठाणे

मी रेसर नाही, रेसरची आई आहे. मुलाने हा धागा पाठवला आणि वर “वाच पण लिहू नकोस” असं लिहिलं, म्हणून लिहिते आहे.

घरचा हिशेब मी वहीत ठेवते. किराणा, दूध, सोसायटी मेंटेनन्स, आणि एक रकाना “पडणे”. मागच्या एका पडण्याची नोंद तुमच्यासाठी उतरवते. क्लिप-ऑन हँडल, डावीकडचं. क्लच लिव्हर. गिअरचा दांडा, वाकलेला, लेथवाल्याकडून सरळ केला, नंतर मोडलाच, म्हणून नवीन. फूटपेग. फेअरिंगची डावी बाजू, चिकटवली. हातमोजे, एकाच हाताचे फाटले पण जोडीच घ्यावी लागते. सूटच्या कोपरावर चामड्याचं ठिगळ, ते धारावीतल्या कारागिराने फार सुरेख लावलं. फोर्क तपासणी. क्रेप बँडेज, दोन. हा सगळा प्रताप दुसऱ्या गिअरमधल्या वळणावरचा, “काही नाही गं, लो-साइड होतं, नुसता घसरलो.” बेरीज लिहीत नाही. त्याच्या बाबांनी ती अजून पाहिलेली नाही आणि तेही इथे वाचतात.

पिस्टन म्हणतात ते खरं आहे, पण अर्धं. हा मुलगा पडायला घाबरतो ते पैशामुळे, असं तोही सांगतो. मला विचाराल तर त्याला सोमवारी सकाळी ऑफिसला दोन्ही हातांनी टाइप करता यायला हवं, याची भीती जास्त आहे. कंपनीच्या मुलाचं हाड मोडलं तर पगार चालू राहत असेल. याची रजा आधीच संपलेली असते. सगळ्या अर्जित रजा शुक्रवार आणि सोमवारच्या नावाने जातात. गणपतीला गावी यायला एकही उरत नाही, आणि सासरी उत्तरं मी देते.

कोकणकन्या

मीनलताई, “पडणे” रकान्यावर हसू की रडू कळेना.

मी विमा क्षेत्रात काम करते, त्यामुळे एक कोरडी पण गरजेची गोष्ट. दोन पॉलिसी वेगळ्या समजून घ्या.

बाईकची पॉलिसी ट्रॅकवर चालत नाही. संघटित शर्यत, वेग चाचणी, पेसमेकिंग हे त्यातून सरळ वगळलेलं असतं. ट्रॅकवर झालेल्या नुकसानाचा क्लेम टाकायच्या भानगडीत पडू नका, आणि “रस्त्यावर घसरली” असं सांगायच्या तर मुळीच नको. सर्व्हेअर लोक गुडघ्याच्या स्लायडरचे ओरखडे ओळखतात.

दुसरी आरोग्य विम्याची. नियामकाने ठरवून दिलेल्या सर्वसाधारण अपवादांत नववा अपवाद धोक्याच्या आणि साहसी खेळांचा आहे, आणि त्यात मोटर रेसिंगचं नाव स्पष्ट आहे. मात्र तो व्यावसायिक म्हणून भाग घेणाऱ्यांना लागतो. आता बँकेत नोकरी करणारा, वर्षातून चार वेळा शर्यतीला जाणारा आणि एखादं बक्षीस घेणारा मुलगा व्यावसायिक का हौशी? वाद होणार तो इथे, आणि तो हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर उभं राहून घालायचा नसतो. आधीच विमा कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर मागवा. नोकरीतल्या ग्रुप पॉलिसीची वाक्यरचना वेगळी असू शकते, तीही एचआरकडून मागवून घ्या. रेसिंगच्या लायसन्ससोबत आयोजकांकडून जे संरक्षण मिळतं त्याची मर्यादा किती, हे सही करायच्या आधी वाचा. तिथे सही सगळे करतात, वाचत कोणी नाही.

सतरा_दातांचा

मी दुसऱ्या बाजूने बोलतो, शिव्या घातल्या तरी चालेल.

मी डोंबिवलीचा. खाजगी बाईकवर सुरुवात केली, पैसे संपले, मग वन-मेक कपला गेलो, म्हणजे एकाच कंपनीच्या सारख्या बाईकवरच्या स्पर्धेला. तुम्ही सगळे कंपनी म्हणजे राक्षस असल्यासारखं लिहिताय. वन-मेक नसतं तर माझ्यासारखा ट्रॅकवर दुसऱ्यांदा दिसलाच नसता. बाईक त्यांची, मेकॅनिक त्यांचे, टायर सगळ्यांना सारखे. टेम्पो नाही, गोणपाट नाही, हेल्मेट आणि सूट घेऊन रेल्वेत बसायचं. टीव्हीएस, होंडा, रॉयल एनफिल्ड, सगळ्यांनी हे केलं आहे. गरीब पोराला आज याहून स्वस्त दरवाजा नाही.

पण त्या दरवाजातून आत गेल्यावर काय होतं तेही सांगतो. बाईक रविवारी संध्याकाळी तंबूत परत जाते, पुढच्या फेरीपर्यंत तिचं तोंड दिसत नाही. सस्पेन्शन किती क्लिक घट्ट करायचं, मागचा स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) एक दात मोठा लावला तर कोणत्या वळणातून कोणत्या गिअरमध्ये बाहेर पडता येतं, हे आपण शिकत नाही, कारण हात लावायला परवानगी नसते. माझं नाव स्प्रॉकेटवरूनच आहे. खाजगी असताना जत्रेतल्या फुग्यांसारखे स्प्रॉकेट टांगून ठेवलेले असायचे आणि कारीला कोणता, चेन्नईला कोणता, हे पाठ होतं. वन-मेकची दोन वर्षं झाली आणि विसरलो.

दुसरं, वय. होंडाच्या टॅलेंट कपमध्ये एनएसएफ २५० आर वर तेरा-चौदा वर्षांची पोरं असायची. २०२२ पासून मिनीजीपी, म्हणजे छोट्या बाईकवरची मुलांची स्पर्धा पण आली, तिथे तर आणखी लहान. आपल्या मुंबईच्या पोराला रेसिंग कळतं कधी? पहिला पगार झाला, पहिली केटीएम हप्त्यावर आली, मग. बावीसाव्या वर्षी चेन्नईला पोचतो आणि समोर चौदा वर्षांचा पोरगा त्याला बाहेरून ओव्हरटेक करतो. एवढं वजा-बाकी करून उरतं किती?

रिकामटेकडा

आता मला खरोखर रस यायला लागला आहे, त्यामुळे एक शंका. २०२४ चा मोटोजीपी जगज्जेता हॉर्हे मार्टिन प्रामॅक टीमचा, आणि प्रामॅक म्हणजे खाजगी टीम. २०२३ ला आपल्या बुद्ध सर्किटवर जिंकलेला बेझेकी पण व्हीआर४६ चा, तीही कंपनीची टीम नाही. म्हणजे बिनकंपनीवाले जिंकतात की!

जुना_आरडी

शंका चांगली आहे. त्या टीमचा मालक वेगळा, पण बाईक डुकाटीचीच, भाड्याने. मार्टिनला तर कंपनीच्या स्वतःच्या रायडरकडे होती तीच त्या वर्षीची बाईक आणि डुकाटीचे इंजिनिअर. मोटोजीपी नाव पडल्यापासून अशा टीमचा तो पहिलाच जगज्जेता, कौतुक आहेच. बेझेकीची कामगिरी माझ्या लेखी मोठी, त्याच्याकडे आदल्या वर्षीची बाईक होती. पण पिस्टनच्या भाच्याशी यांची तुलना नको.

खऱ्या गरिबांसाठी मोटोजीपीने एक प्रयोग केला होता. २०१२ पासून दोन हंगाम सीआरटी नावाचा नियम होता. रस्त्यावरच्या हजार सीसीच्या बाईकचं इंजिन घ्या, चासी स्वतःची करा, इंजिनं आणि पेट्रोल मोठ्यांपेक्षा जास्त वापरा. बदल्यात अट अशी की मोठी कंपनी वीस हजार युरो देऊन तुमचं इंजिन उचलून नेऊ शकते, म्हणजे कोणी गरिबीच्या नावाखाली महागडं इंजिन लपवू नये. अट गमतीची, पण धाक चालला. अलेक्स एस्पार्गारो या लोकांत दोन्ही वर्षं पहिला, आणि त्याची बाईक एप्रिलियाने बनवून दिलेली. गरिबांच्या वर्गातही जिंकला तो कंपनीचा हात लागलेलाच.

चेन्नईकर_जोशी

थोडं अवांतर. महिंद्राचं ऑफिस तुमच्या वरळीला, आणि मोटोजीपीच्या खालच्या वर्गांतली त्यांची टीम होती इटलीत बेसोत्सोला. २०११ ला १२५ सीसीत उतरले, मग मोटो३. २०१६ मध्ये आसेनला महिंद्रावर पहिली शर्यत जिंकली ती बान्याइयाने, जो पुढे दोनदा मोटोजीपीचा जगज्जेता झाला. २०१७ नंतर दुकान बंद. बाईकवर भारतीय नाव होतं याचा अभिमान वाटायचा. पण वरळीतून परळला चालत जाता येतं, आणि त्या सहा-सात वर्षांत परळच्या गॅरेजपर्यंत काहीच पोचलं नाही, याचं वाईट वाटतं.

परळचा_पिस्टन

कंपनीवर राग नाही जोशीबुवा, त्यांनी कुठे पैसे लावायचे ते त्यांनी ठरवावं. मला खुपतं ते हे, की ट्रॅक एक असतो आणि दोन वेगळे खेळ चालू असतात. एक पोरगा चुका करून शिकतो, दुसरा चुका टाळत बसतो, आणि दोघांची टायमिंग शीट एकच.

सतरा_दातांचा

डकारचं, म्हणजे वाळवंटातल्या त्या लांबलचक रॅलीचं कोणी बोललंच नाही. सी. एस. संतोष २०१५ ला डकार पूर्ण करणारा पहिला भारतीय, ३६ वा. २०२४ मध्ये हरित नोह रॅली-२ वर्ग जिंकला आणि एकूणात अकरावा, पण त्याच्यामागे शेर्को-टीव्हीएस, म्हणजे कंपनीची टीम. २०२१ मध्ये आशिष रावराणे प्रायव्हेटीअर, म्हणजे खाजगी रायडर म्हणून उतरला होता, यादीत ते आडनाव वाचून आमच्या ग्रुपवर कोकणातली सगळी पोरं जागी झाली.

तिथे एक वर्ग आहे, पूर्वी माल मोटो म्हणायचे. मेकॅनिक नाही, मदतनीस नाही, सामानाची एक पेटी आयोजक पुढच्या मुक्कामाला नेऊन टाकतात, बाकी दिवसभर चालवा आणि रात्री स्वतःच पाना घेऊन बसा. पण तिथे त्या लोकांची वेगळी यादी लागते, त्यांच्यात कोण पहिला ते जाहीर होतं, आणि पब्लिक त्यांना जास्त टाळ्या देते. आपल्या राष्ट्रीय स्पर्धेत खाजगी रायडरांचा वेगळा चषक ठेवला तर आयोजकांचा खर्च किती? एक चषक आणि टायमिंग शीटवर नावापुढे एक खूण. आयल ऑफ मॅनला खाजगी रायडरांचा मान असा वेगळा असतो. त्या चषकाचा फोटो दाखवून पोराला डोंबिवलीतला फर्निचरवाला तरी पैसे देईल. “एकूणात अकरावा” दाखवून कोण देतं?

मीनल_ठाणे

हे पटलं. मुलगा गेल्या वेळी एकूणात नववा होता. त्याच्या पुढे खाजगी एकच होता, हे मला आत्ता, या धाग्यामुळे, त्याला विचारल्यावर कळलं. म्हणजे तो दुसरा आला होता आणि घरी आम्ही नववा म्हणून गप्प बसलो.

कोकणकन्या

ताई, त्याला सांगा आईने लिहिलं ते बरं केलं.

चेन्नईकर_जोशी

चषकाचं मी इथे क्लबमध्ये ओळखीच्यांच्या कानावर घालतो. आश्वासन देत नाही, पण अर्ज लेखी असला तर बरं. पाच-दहा खाजगी रायडरांच्या सह्या, फक्त मुंबई-पुण्याच्या नकोत, कोल्हापूर, बंगळुरू, कोची, सगळीकडच्या. कंपनीविरोधी भाषा नको. सतरा, तुम्ही दोन्हीकडे खेळलात, मसुदा तुम्हीच करा.

आणि दुसरं, सोपं काम. माझ्या घराच्या गच्चीवर पत्र्याची खोली रिकामी आहे. इरुंगाट्टुकोट्टई इथून तासाभरावर. एक सामायिक पेटी ठेवू: लिव्हर, फूटपेग, क्लिप-ऑन, ब्रेक पॅड, भोकं पाडलेले बोल्ट, तीन-चार मापांचे स्प्रॉकेट. जो वापरेल त्याने पुढच्या फेरीला आणून ठेवायचं. दरवेळी हे सगळं मुंबईहून टेम्पोत घालून आणायची गरज नाही. आणि शनिवारी पडलेल्याला रविवारची शर्यत मिळेल.

परळचा_पिस्टन

जोशीबुवा, तुमच्या विपूत (विचारपुशीत) निरोप टाकला आहे. आर१५ आणि केटीएमची आरसी ३९० अशा दोनच बाईकचं सामान ठेवू, नाहीतर खोलीचा भंगारवाडा होईल. वही लागेल, कोणी काय उचललं त्याची. मीनलताई, वही तुमच्याकडे. रकाना तयारच आहे.

बोल्टांची भोकं मी पाडतो. ज्यांना शिकायचं आहे त्यांनी शनिवारी रात्री नऊनंतर गॅरेजला या, ड्रिल आपापले आणा.

रिकामटेकडा

मला बाईक येत नाही. पण लेथ चालवता येतो, साकीनाक्याला आमचं छोटं वर्कशॉप आहे. गिअरचे दांडे आणि फूटपेग काय मटेरियलचे लागतात, ते सांगा. मोडका एखादा नमुना पाठवलात तर बरं.

परळचा_पिस्टन

मोडके हवेत ना? किती पोती पाठवू?